तुमिराचं पथ्य

तुमिराच्या कोंबड्या अंडी द्यायच्या आणि तुमिरा ती गावभर वाटायची. कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाच्या घरी जेवणावळ निघाली, की परडी काखेत मारून ती दारात हजर. बाई अंगानं काटकुळी, पण देताना हात कधी आखडला नाही. स्वतः मात्र अंड्याला तोंड लावायची नाही. कुणी कारण विचारलं की "मला वास येतो गं त्याचा" एवढं बोलून विषय बदलायची. विषय बदलण्यात तिचा हात धरणारं आमच्या डोंगरउतारावर कुणी नव्हतं.

नवरा कार्सिदी नारळावर चढायचा. आमच्याकडे बहुतेक पुरुषांचं तेच काम. सकाळी चढायचं, संध्याकाळी चढायचं, फुलोऱ्याचा दांडा पातळ कापायचा, त्याखाली बांबूचं नळकांडं अडकवायचं, भरलेलं उतरवायचं. खाली बायका ती नीरा कढईत आटवून करवंट्यांमध्ये गूळ पाडतात. तुमिराचा गूळ सोनेरी उतरायचा आणि त्याचं श्रेय कार्सिदी खुशाल स्वतःकडे घ्यायचा.

"झाड माझ्यावर खूश आहे," तो म्हणायचा.

"झाड असेल हो खूश. धुरानं डोळे माझे जातात."

असा त्यांचा संसार. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल गावानं बोलायचं ते बोलून घेतलं आणि पुढं गावालाच कंटाळा आला. ती दोघं एकमेकांना पुरून उरली होती.

झाडाच्या खोडात पाय रोवायला खाचा पाडलेल्या असतात. अशाच एका खाचेची धारदार कड कार्सिदीच्या उजव्या तळव्यात घुसली, आणि त्याला पत्ताही लागला नाही. तुमिराला चटईवर रक्ताचे डाग दिसले.

"कांग, पायाला काय झालंय तुमच्या?" आमच्याकडे बायका नवऱ्याला कांग म्हणतात.

"कुठं काय?" त्यानं पाय उलटा करून बघितला. बोट घालता येईल एवढी भेग होती. "अरेच्चा! हे कधी झालं?"

आरोग्यकेंद्रात रक्त तपासलं तर साखर वाढलेली. तळव्यातली जाणीव कधीचीच मेली होती. गावाला आयतंच हसायला मिळालं. जन्मभर गूळ विकला, आता अंगात साठवायला लागला, असं लोक म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्यानं कार्सिदी हसला. झाडावर बसून प्रत्येक नळकांड्यातला एक घोट घशाखाली सोडायची त्याची जुनी खोड होती. तेवढी मात्र तुमिरानं त्याच दिवशी बंद केली.

आणि त्याच दिवशी तिनं त्याचं पथ्यही सुरू केलं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. अंगावर उघडी जखम असली की वशट बंद. अंडं नाही, मासळी नाही, कोंबडी नाही. वशट खाल्लं की जखमेला पाणी सुटतं, ती चिघळते, कुजते, असं आजी सांगते, आई सांगते, आणि लेकी डोळे मिटून पाळतात. पण तुमिराच्या पथ्य पाळण्यामागं एक भीती होती, आणि ती भीती गावात फक्त कार्सिदीला माहीत होती.

तिला दार्किम नावाचा धाकटा भाऊ होता. त्याची सुंता झाली तेव्हा तुमिरा परकर नेसणारी पोर. सुंता झालेल्या पोराला आई नुसता भात आणि मीठ देत होती. दार्किम रडायचा, "एकच अंडं दे ना गं." तिसऱ्या प्रहरी आई नीरा आटवत बसलेली पाहून तुमिरानं चुलीच्या राखेत एक अंडं भाजलं आणि घरामागं नेऊन त्याला भरवलं. त्यानं बोटंसुद्धा चाटली. पुढं जखम सुजली, मग पोराची दातखीळ बसली, आणि तो गेला. सुंता करणाऱ्यानं जखमेवर चुलीतली राख दाबली होती. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. घरामागं अंड्याची टरफलं सापडली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "खाल्लंस ना माझ्या पोराला?" आई नंतर कधी ते बोलली नाही, पण एकदा बोललेलं पुरेसं होतं.

हळद झाली, विड्याच्या पानांचं पाणी झालं, तरी कार्सिदीची जखम भरेना. ती रुंदावत गेली, काळी पडली, घरात वास कोंडून राहू लागला. नारळ दुसऱ्याला चढायला दिले. कार्सिदी ओट्यावर बसून दुसऱ्याच्या चढण्यातल्या चुका मोठ्यानं सांगायचा आणि तो माणूस वरून शिव्या घालायचा. शेवटी तुमिरा त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथले डॉक्टर बाग्यो वयानं तरुण, बोलायला मऊ. त्यांनी मेलेलं मांस कापून काढलं, साखर उतरवायची सुई सुरू केली, पाय टेकवायला बंदी घातली. जेवणाचंही सांगितलं. भात निम्म्यावर आणायचा. रोज दोन अंडी, जमेल तेव्हा मरळ मासा. जखम थोडी निवळली आणि अडून बसली. तेव्हा ते म्हणाले, "आता तुमच्याच रक्तातून औषध काढू."

सिस्टर रेत्नो आमच्याच खालच्या गावची. तिनं कार्सिदीच्या दंडातून रक्त घेतलं, नळ्या यंत्रात बसवल्या, यंत्र गरगर फिरलं. नळी बाहेर काढली तेव्हा लाल सगळं तळाला बसलं होतं आणि वर पिवळसर पाणी तरंगत होतं.

"हे बघा यू," रेत्नो म्हणाली. वयानं मोठ्या बाईला आम्ही यू म्हणतो, ताईसारखं. "या पिवळ्यात रक्तातल्या बारीक पेशी दाटीनं गोळा झाल्यात. प्लेटलेट म्हणतात त्यांना. कुठं कापलं तर धावत जाऊन रक्त थांबवतात ना, त्याच. जखम भरायला लागणारं पुष्कळ काही त्यांच्यापाशी असतं. ते थिजवून आपण जखमेवर ठेवायचं."

कार्सिदी नळीकडे टक लावून बघत होता. "म्हणजे माझा नारळ झाला म्हणा की! मी त्याला जन्मभर कापून रस काढला, आता तुम्ही माझा काढताय. आटवणार पण आहात का?"

"आटवलं तर तुमचा गूळच होईल, एवढी साखर आहे तुमच्यात," रेत्नोनंही परत दिली. मग तुमिराकडे वळून म्हणाली, "यू, हे औषध कुठल्या कारखान्यात होत नाही. ह्यांच्या अंगातच होतं, आणि तुम्ही जे खायला घालाल त्याचंच होतं. अंडी देताय ना?"

"देते," तुमिरा म्हणाली.

कार्सिदीनं बायकोकडे एकदा बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "दोन-दोन हाणतो, सिस्टर. कोंबड्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय."

घरी येताना बसमध्ये दोघं त्याबद्दल अवाक्षर बोलली नाहीत. तुमिरा इस्पितळाला मानत होती. सुई वेळेवर टोचायची, पट्टी कोरडी ठेवायची, पाय जमिनीला लागू द्यायची नाही. भात निम्मा करा म्हणाले, तिनं केला. फक्त अंड्यापाशी तिचा हात अडायचा. परडीतलं अंडं उचललं की तिला दार्किमची बोटं दिसायची. म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून भात निम्मा आणि आईच्या सांगण्यावरून अंडं बंद, आणि या दोघांच्या मध्ये कार्सिदी उपाशी. ताटात मूठभर भात, उकडलेला पाला, आंबवलेल्या सोयाच्या वडीचे, टेम्पेचे, दोन तुकडे. तो मुकाट्यानं खायचा आणि ताट चाटून पुसून ठेवायचा.

पहिल्या काही खेपांना जखमेनं खरोखर रंग धरला. तळ लालसर झाला, कडेनं कोवळी कातडी आत सरकली. डॉक्टर खूश झाले. तुमिराही खूश झाली, कारण तिच्या मते हे पथ्याचं फळ होतं. शेजारची विनार्ती, नुकती लग्न होऊन आलेली पोर, कौतुकानं म्हणाली, "घरातली जखम कशी जपावी ते यूकडून शिकावं." तुमिरा त्या दिवशी गुणगुणत कढई घासत होती. कार्सिदीनं चढायच्या कोयत्याला धार लावून घेतली. "पुढच्या सुगीला मी वर आणि तो गाढव खाली," तो म्हणाला, आणि तिनं त्याला अडवलं नाही.

मग जखम थांबली. कोवळी कडा पांढुरकी पडली, तळ फिकट झाला. नळीतलं पिवळं पाणी तसंच दिसायचं, पण ते थिजवून जखमेवर ठेवलेली साय नुसतीच विरघळून जायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "प्रोटीन फार कमी झालंय. जखम भरायला अंगात काहीतरी शिल्लक हवं ना! खाताय, मग जातंय कुठं?" ते स्वतःशीच बोलत होते. मूत्रपिंडातून वाहून जात असेल, म्हणून त्यांनी आणखी तपासण्या लिहिल्या. रेत्नो मुद्दाम वाट वाकडी करून घरी येऊन गेली. स्वयंपाकघरात परडी अंड्यांनी भरलेली होती.

"एवढी उरतात कशी?" तिनं विचारलं.

तुमिराच्या आधी चटईवरून कार्सिदीच बोलला. "ही कोंबडीखाली बसवायला ठेवलीत. माझी सकाळची पोटात गेली."

रेत्नो गेली. त्या वेळी त्यानं खरं सांगितलं असतं तर? हा प्रश्न तुमिरानं पुढं स्वतःला इतक्या वेळा विचारला की त्याची धार गेली. पण त्या दिवशी तिला एकच कळलं, जखम थांबली आहे. आपल्या हातून पथ्य कुठं तरी ढिलं झालं असणार. तिनं टेम्पेही बंद केलं.

पावसाळा सरता सरता कार्सिदीला ताप भरला. जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर बाग्योंनी खाली मान घालून सांगितलं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. कार्सिदीनं अंगठा उठवला. शस्त्रक्रियेला नेताना तो म्हणाला, "तुमि, कोयता त्या गाढवाला देऊन टाक. नीट धार लाव म्हणावं रोज." तुमिरा पहिल्यांदा लोकांसमोर हमसून रडली.

वॉर्डात रोज दुपारी ताट यायचं, ताटात उकडलेलं अंडं असायचं. कार्सिदी ते उचलून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला द्यायचा. रेत्नोनं एकदा पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं. ती तुमिराला बाहेर ओट्यावर घेऊन आली आणि कसलाही राग न धरता म्हणाली, "यू, ह्यांनी घरी कधी अंडं खाल्लं होतं?"

तुमिरानं नाही म्हणून मान हलवली. मग दार्किमची सगळी गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली. इतक्या वर्षांत ती कार्सिदीखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

रेत्नो म्हणाली, "दार्किमला धनुर्वात झाला होता, यू. त्या राखेतून. अंड्यानं काही केलं नव्हतं."

"आणि हा पाय?"

"साखर होती, नसा गेलेल्या होत्या. अंडी दिली असती तरी पाय गेला असता, असंही होऊ शकतं."

"आणि वाचला असता, असंही?"

रेत्नोला खोटं बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, "तेही होऊ शकतं. कुणीच सांगू शकणार नाही."

तुमिराला ते उत्तर सोसलं नाही. आईनं निदान एक काय ते सांगून टाकलं होतं. इथं तर तिला दोषी ठरवायलाही कुणी तयार नव्हतं आणि सोडवायलाही.

ती आत आली. ताटातलं अंडं तिनं हातात घेतलं. टरफल काढलं, तुकडा मोडला आणि कार्सिदीच्या ओठांपाशी नेला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कळलं होय तुला?"

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, कांग? की खायला हवं म्हणून?"

"डॉक्टर काय बहिऱ्याशी बोलत होते?" तो हसायला गेला आणि खोकला. "अगं, अंडं खाल्लं असतं आणि तरी पाय सडला असता, तर तू जगली असतीस का? तो पोरगा गेला ते तू अजून वागवतेस. म्हटलं, पाय जायचाच तर तुझ्या हातचं अंडं न खाता जाऊ दे. हे असं उलटं निघेल ते कुणाला माहीत?"

"मेल्या, तोंड उघड," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला असं बोलली. त्यानं तोंड उघडलं. सावकाश चावून गिळलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

पुढं ती रोज दोन अंडी स्वतःच्या हातानं भरवायची. घरून मरळ शिजवून आणायची. शेजारचा म्हातारा कुरकुरायचा की आपल्या वाट्याचं गेलं. पण कापलेल्या पायाचे टाके उसवले, विष रक्तात भिनलं, आणि डॉक्टरांनी जे जे करायचं ते सगळं केल्यावर एका सकाळी कार्सिदी गेला. तुमिरानं आणलेलं अंडं तिच्या पदराच्या गाठीत तसंच गरम होतं.

आमच्याकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी संध्याकाळी पुरुष जमून प्रार्थना म्हणतात आणि घरोघर जेवण जातं. भाताबरोबर उकडलेल्या अंड्याची फोड घालावीच लागते, ती नसली तर जेवण अपुरं. त्या दुपारी गावातल्या बायका तुमिराच्या स्वयंपाकघरात राबत होत्या. अंडी विकत आणावी लागली नाहीत. परडी भरलेलीच होती. बायका भराभरा टरफलं काढत होत्या, दोऱ्यानं फोडी पाडत होत्या, आणि कार्सिदीच्या कोंबड्यांनी कार्सिदीचं जेवण घातलं असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. तुमिरा भिंतीशी बसून बघत होती. सगळ्या गावाला पुरतील एवढी अंडी होती.

काम उरकल्यावर बायका केळीच्या पानांवर जेवायला बसल्या. विनार्तीच्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. आदल्या आठवड्यात गूळ उतरवताना उकळता पाक सांडला होता. तिनं भात कालवला आणि अंड्याची फोड अलगद पानाच्या कडेला सारली.

तुमिरा म्हणाली, "ते खा."

"नको यू, हात भाजलाय ना. पाणी सुटेल." विनार्ती शहाण्यासारखी म्हणाली, "तूच तर शिकवलंस."

तुमिरा उठली आणि तिच्या पानासमोर येऊन बसली. बाजूला सारलेली फोड उचलून तिनं भाताच्या मधोमध ठेवली.

"खा गं. काही सुटत नाही."

"तुमिरा, पोरीला असं भलतं सांगू नये," पलीकडून एक म्हातारी बोलली. "आज दिवस कुठला, त्याची तरी..."

"दिवस कांगचाच आहे, म्हणूनच सांगते." तुमिरा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मी दिलं नाही त्यांना. डॉक्टर सांगत होते, सिस्टर सांगत होती, परडी भरलेली होती, आणि मी एकदाही दिलं नाही. भूक लागायची त्यांना. ताट चाटायचे. मी बघायची आणि म्हणायची, पथ्य चाललंय. खा, विनार्ती. माझ्यासमोर खा."

विनार्तीनं म्हातारीकडे बघितलं, मग तुमिराकडे. चांगल्या हातानं तिनं फोड उचलली आणि खाल्ली. तुमिरा तिचा घास गिळून होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग ती आपल्या पानावर परत आली. तिच्याही पानात एक फोड वाढलेली होती. कुणाला काही कळायच्या आत तिनं ती तोंडात घातली. दार्किम गेल्यानंतर पहिल्यांदा. सावकाश चावली.

"मीठ आण गं कुणीतरी," ती म्हणाली.